येत्या महिन्यांची वाचनयादी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे वाचनाच्या यादीबद्दलची पत्रं वाढतात. त्यांतली काही निवडून त्यांना इथे उत्तरं देत आहोत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी वारज्यात राहतो आणि नोकरीला हिंजवडीत जातो. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरच्या पुस्तक महोत्सवात आणि त्याआधी अप्पा बळवंत चौकात घेतलेली तेवीस पुस्तकं कपाटात तशीच पडली आहेत. दरवर्षी जूनमध्ये यादी करतो आणि जुलै संपेपर्यंत ती मोडते. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांसाठी किती पुस्तकं धरावीत?

उत्तर : बहुधा सहा. हा आकडा कुठून आला ते सविस्तर सांगतो, कारण तुमची यादी मोडते ती आळसामुळे नाही, हिशेब न केल्यामुळे.

आधी स्वतःचा वेग मोजा. तो रविवारी सकाळी ताज्या डोक्याने मोजू नका. ज्या वेळी तुम्ही खरोखर वाचणार आहात त्याच वेळी, म्हणजे रात्री जेवणानंतर किंवा कंपनीच्या बसमध्ये मोजा. घड्याळ लावून वीस मिनिटं वाचा आणि पानं मोजा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करून मधला आकडा घ्या. समजा तो १२ पानं आला. म्हणजे तासाला ३६. नेहमीच्या डेमी आकाराच्या मराठी पुस्तकात एका पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द असतात. टाइप बारीक किंवा मोठा असेल तर हा आकडा बदलतो, म्हणून वेग त्या त्या पुस्तकावरच मोजलेला बरा.

आता वेळ. आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास आणि रविवारी एक तास मिळाला तर साडेतीन तास होतात, म्हणजे १२६ पानं. जून ते ऑक्टोबर साधारण २२ आठवडे. त्यांतून चार आठवडे सरळ वजा करा. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र-दसरा, ऑफिसातला एखादा धावपळीचा आठवडा आणि घरात कुणाचा तरी ताप यांत ते जातातच. उरलेल्या १८ आठवड्यांची २,२६८ पानं झाली. यांतला एक चतुर्थांश भाग मोकळा ठेवा, कारण या पाच महिन्यांत कुणीतरी एखादं पुस्तक हातात देईल आणि ते तुम्ही वाचाल, वाचायलाही हवं. राहिली साधारण १,७०० पानं. तुमच्या पुस्तकांची सरासरी २६० पानं धरली तर तेवीस पुस्तकांची जवळजवळ सहा हजार पानं होतात. यादी जुलैत का मोडते ते यातून लक्षात येईल.

एक दुरुस्ती मात्र करावीच लागते. सगळी पानं सारख्या वेगाने वाचून होत नाहीत. कादंबरी तासाला ३६ पानं होत असेल, तर वैचारिक किंवा इतिहासाचं पुस्तक २० वर येतं. तेव्हा २४० पानांचं वैचारिक पुस्तक यादीत ४३२ पानांचं धरा. या हिशेबाने तुमची यादी अशी बसेल : अडीचशे पानांच्या दोन कादंबऱ्या, एक वैचारिक पुस्तक (४३२ धरलेलं), १८० पानांचा कथासंग्रह, २०० पानांचं प्रवासवर्णन आणि ३२० पानांचं चरित्र. बेरीज १,६३२. सातवं पुस्तक घालायचा मोह होईल, पण घालू नका. कवितासंग्रह या हिशेबात धरू नये. तो उशाशी ठेवून रोज दोन कविता वाचाव्यात.

क्रमाला संख्येइतकंच महत्त्व आहे. पहिलं पुस्तक सगळ्यांत पातळ नसलं तरी सगळ्यांत आवडीचं असावं. जड पुस्तक दुसऱ्या क्रमांकावर घ्या. बहुतेक जण ते शेवटी ठेवतात आणि तिथेच चुकतं, कारण शेवटी सणही असतात आणि उत्साहही ओसरलेला असतो. २४० पानं तासाला २० या वेगाने वाचायला बारा तास लागतात, म्हणजे तुमचे साडेतीन आठवडे. ते जुलैत बसतात. कथासंग्रह गणपतीच्या दिवसांसाठी राखून ठेवा. पाहुण्यांच्या गडबडीतही एका बैठकीत एक कथा होते आणि मध्ये चार दिवस गेले तरी धागा तुटत नाही. कादंबरीचं तसं नाही. आठ दिवस बाजूला राहिलेल्या कादंबरीत पात्रांची नावं आठवायलाच वीस पानं जातात.

यादी एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहा : पुस्तकाचं नाव, पानं, प्रकार, कुठून मिळणार आणि कोणत्या आठवड्यात सुरू करायचं. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. 'कधीतरी' म्हणून लिहिलेलं पुस्तक वाचलं जात नाही. हा कागद चालू पुस्तकातच खूण म्हणून ठेवा. फोनमधली यादी दिसत नाही, आणि ती वाढवायला काहीच कष्ट पडत नसल्यामुळे महिनाभरात चाळीस नावांची होते.

उरलेली सतरा पुस्तकं वरच्या फळीवर ठेवा. समोर दिसत राहिली की चालू पुस्तकाच्या पन्नासाव्या पानावर नवं उघडावंसं वाटतं. आणि अर्धवट सोडण्याबद्दलही आधीच ठरवून टाका : साठ पानं वाचूनही मन लागलं नाही तर पुस्तक बदला, पण त्याच्या जागी त्याच प्रकारचं दुसरं घ्या. वैचारिक पुस्तक सोडून प्रत्येक वेळी कादंबरी घेतली तर यादीचा तोलच जातो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, सदाशिव पेठेत राहते. वेळ भरपूर आहे. सुटी सुटी पुस्तकं वाचण्यापेक्षा एक विषय धरून चार-सहा महिने वाचावं असं मनात आहे. स्त्रियांची आत्मचरित्रं हा विषय घेतला आहे. सालानुसार वाचत जाऊ का?

उत्तर : बाई, विषय सुंदर निवडलात. पुण्यात राहून हे वाचायचं म्हणजे अनेक ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

सालानुसार वाचू नका, निदान पहिल्या फेरीत तरी नको. आरंभ लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून करा. ते १९३४ ते १९३६ या काळात भागांनी प्रसिद्ध झालं. भाषा घरगुती आणि वेगवान आहे, त्यामुळे विषयात पाय लवकर रोवले जातात. विकत किंवा वाचनालयातून घेताना प्रत संपूर्ण आहे की संक्षिप्त, ते आतल्या पानावर पाहून घ्या. जुन्या, मोठ्या पुस्तकांच्या संक्षिप्त आवृत्त्याही फिरत असतात आणि त्या संपूर्ण समजून वाचल्या जातात.

त्यानंतर मागे जा : रमाबाई रानडे यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०). मग आनंदीबाई कर्वे यांचं 'माझे पुराण' (१९४४). ही तीन पुस्तकं सलग वाचण्याला एक खास कारण आहे. १८९० चं दशक यात तीन वेगळ्या घरांतून पाहायला मिळतं. पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये काही हिंदूंनी घेतलेल्या चहावरून गदारोळ उठला आणि रमाबाईंचे पती न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेलं ते याच दशकाच्या सुरुवातीला. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी, म्हणजेच पुढच्या आनंदीबाईंशी विवाह केला. १८९५ मध्ये लक्ष्मीबाईंचे पती ना. वा. टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. समाजाने वाळीत टाकणं, माहेर तुटणं, नवऱ्याच्या निर्णयाचा भार बायकोने पेलणं, यांतलं काही ना काही तिन्ही घरांत आहे, आणि प्रत्येकीने ते वेगळ्या रीतीने सांगितलं आहे. सलग वाचलं नाही तर हे नातं हातातून निसटतं.

यासाठी एक फुलस्केप कागद आडवा धरून रकाने पाडा. डावीकडे सालं, १८७० ते १९२० पुरे, आणि पुढे प्रत्येक लेखिकेसाठी एक रकाना. वाचताना साल आलं की त्या ओळीत चार शब्द आणि पान क्रमांक टाका. आत्मचरित्रांत सालं कमी असतात, 'त्या वर्षी प्लेग आला' असं असतं. पुण्यातला प्लेग १८९७ मध्ये धरायचा, म्हणजे अंदाज बांधता येतो. व्यक्ती आणि संस्थांच्या नोंदींसाठी मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. पण दर पानाला तो उघडू नका. प्रकरण संपल्यावर एकदम पाच नावं पाहा.

इथवर अडीच महिने जातील. मग मुद्दाम वळण घ्या. चित्रपट अभिनेत्री हंसा वाडकर यांचं 'सांगत्ये ऐका' (१९७०) आकाराने लहान आहे, एका आठवड्यात होईल. त्यानंतर बेबी कांबळे यांचं 'जिणं आमुचं' आणि उर्मिला पवार यांचं 'आयदान' (२००३). ही दोन घाईने वाचायची नाहीत. 'जिणं आमुचं'मध्ये फलटण भागातल्या महार वस्तीतलं जगणं आणि तिथली बोली आहे. पहिली तीस पानं वेग निम्म्यावर येईल. अडलेल्या शब्दापाशी थांबू नका, संदर्भाने अर्थ लागत जातो. इथे एक गोष्ट ठळकपणे जाणवेल : पहिल्या तीन पुस्तकांतल्या रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांच्याकडे शिक्षण घरात चालून येतं, नवऱ्याकडून. या दोघींच्या जगात ते चळवळीतून आणि डॉ. आंबेडकरांच्या हाकेतून येतं. आमच्या मते या विषयाचा कणा इथे आहे, आणि फक्त पहिली तीन वाचून थांबलात तर विषय अर्धाही कळणार नाही.

सहा पुस्तकं झाली की हवं तर सालानुसार दुसरी फेरी करा. ती भराभर होते, कारण तुम्ही खुणा केलेली पानंच पाहायची असतात.

प्रश्न : यादीतली सगळी पुस्तकं विकत घेणं परवडत नाही. पुण्यात वाचनालयाचा उपयोग नीट कसा करावा? हवं ते पुस्तक नेमकं बाहेर गेलेलं असतं. (कोथरूड)

उत्तर : पुण्याला वाचनालयांची जुनी परंपरा आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. याशिवाय विश्रामबागवाड्यातलं शासकीय विभागीय ग्रंथालय आहे. तुमच्या भागातही लहान वाचनालयं असतील. सभासद होण्याआधी काउंटरवर चार गोष्टी विचारा : अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, मुदत किती दिवसांची आणि पुस्तक राखून ठेवण्याची सोय आहे का. वर्गणीपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे. तासाला ३६ पानं वाचणाऱ्याला सातशे पानांचं पुस्तक आठवड्याला साडेतीन तासांच्या हिशेबाने साडेपाच आठवडे लागतं. मुदत पंधरा दिवसांची असेल तर किमान दोनदा नूतनीकरण करावं लागेल. ते फोनवर होतं का, हेही विचारून घ्या.

पुस्तक बाहेर असण्यावर उपाय यादीतच असावा. वाचनालयातून आणायच्या प्रत्येक पुस्तकासमोर त्याच प्रकारचं एक पर्यायी नाव लिहा. नुकतं पुरस्कार मिळालेलं किंवा चर्चेत असलेलं पुस्तक पहिले तीन-चार महिने मागू नका, यादीच्या शेवटी टाका. आणि आपली सहा नावं ग्रंथपालांना एकदा लिहून द्या. कोणतं पुस्तक फळीवरून हलत नाही आणि कोणत्यासाठी रांग असते, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

जुनी पुस्तकं फुकट आणि रीतसर मिळवण्याचा मार्गही आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ आपटे किंवा राम गणेश गडकरी यांचं लेखन, दोघंही १९१९ मध्ये गेले, म्हणून केव्हाच मुक्त झालं आहे. मराठी विकिस्रोतावर अशी बरीच पुस्तकं आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. त्यांत चरित्रं आणि इतिहासाची उत्तम पुस्तकं आहेत, ज्यांच्याकडे कमी लोक वळतात याचं वाईट वाटतं. पण स्कॅन केलेलं पान फोनच्या पडद्यावर वाचवत नाही. टॅबलेट असेल तरच असं पुस्तक यादीत घ्या आणि वेग तीन चतुर्थांश धरा.

जुनं पुस्तक विकत घेताना फर्मे तपासा. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधलेलं असतं. एखादा फर्मा गळला असेल तर ३२ नंतर एकदम ४९ वं पान येतं. काही वेळा एकच फर्मा दोनदा लागलेला असतो. १६-१७, ३२-३३, ४८-४९ अशी जोडपानं उलटून पाहायला मिनिटभर लागतं. शेवटचं पान आहे ना, तेही बघा. सर्वांत आधी तेच फाटतं.

प्रश्न : मुलगा सातवीत, इंग्रजी माध्यमात आहे. मराठी बोलतो छान, पण वाचायला कंटाळतो. त्याच्यासाठी यादी कशी करू? (बाणेर)

उत्तर : त्याचा कंटाळा बहुतेक जोडाक्षरांत आहे. बोलीतून 'प्रात्यक्षिक' कळतं, पण छापलेलं पाहून ते फोडायला त्याला तीन सेकंद लागतात, आणि ओळीत असे तीन शब्द आले की गोष्टीतलं लक्ष उडतं. म्हणून त्याच्या वयाची जाड पुस्तकं आत्ता नकोत. ३२ ते ६४ पानांची, मोठ्या टाइपाची पाच पुस्तकं निवडा. विषय मात्र त्याच्याच वयाचे हवेत : विज्ञान, किल्ले, क्रिकेट, रहस्य. पहिलीची गोष्ट सातवीच्या मुलाला दिली तर तो अपमान समजेल, आणि ते बरोबरच आहे.

रोज पंधरा मिनिटं, तुम्ही एक पान मोठ्याने आणि त्याने एक परिच्छेद. दोन आठवड्यांनी पान-पान. तो अडला की लगेच शब्द सांगून टाका, अक्षरं फोडायला लावू नका. सरावासाठी नाटुकली फार उपयोगी पडतात, कारण वाक्यं छोटी असतात आणि बोलण्यासारखी असतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. त्याला स्वतःच अनुक्रमणिका पाहून निवडू द्या. यादी त्याच्या हस्ताक्षरात असू द्या आणि वाचून झालेल्या पुस्तकावर प्रश्न विचारू नका.

प्रश्न : दिवाळी अंक यादीत कसे बसवायचे? दरवर्षी आठ अंक घेते, मार्चपर्यंत निम्मे तसेच राहतात. (सहकारनगर)

उत्तर : अंक हा एकक धरू नका, लेख धरा. दोन-अडीचशे पानांचा अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची काहीच गरज नाही. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकार निवडून वाचण्यासाठीच आहे. अंक घरी आला त्याच दिवशी अनुक्रमणिकेवर पेन्सिलने जास्तीत जास्त सहा खुणा करा. आठ अंकांचे ४८ लेख होतात. दिवाळीनंतरच्या आठ आठवड्यांत रोज एक या गतीने ते संपतात, सात-आठ दिवस उरतातही. या काळात यादीत दुसरं फक्त एक पुस्तक असावं. संक्रांतीपर्यंत न वाचलेला अंक देऊन टाका.

घेण्याच्या बाबतीत तीन अंक विकत आणि बाकीचे वाचनालयातून घ्या. बरीच वाचनालयं दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी ठेवतात. त्यात अदलाबदल लवकर करावी लागते, आणि मुदतीमुळे वाचनही होतं. कविता आणि व्यंगचित्रं खुणांमध्ये मोजू नका.

प्रश्न : मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, सध्या जास्त वाचवत नाही. ऑडिओबुक यादीत धरावं का? (धनकवडी)

उत्तर : जरूर. पानांऐवजी तास धरा. तीनशे पानांचं पुस्तक ऐकायला साधारण नऊ-दहा तास लागतात. रोज चाळीस मिनिटं ऐकलंत तर पंधरा दिवस. कथा, कादंबरी, आत्मचरित्र ऐकायला उत्तम. तळटीपा आणि सनावळ्या असलेली पुस्तकं डोळे पूर्ववत होईपर्यंत थांबवा. घेण्याआधी नमुना पाच मिनिटं ऐका. निवेदकाचा आवाज पटला नाही तर चांगलं पुस्तकही दोन दिवसांत सुटतं. वेग सव्वापट करण्याच्या फंदात पडू नका, बोलीतले संवाद त्यात गडप होतात. डोळ्यांसमोर पुस्तक कधी धरायचं आणि किती वेळ, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. परवानगी मिळाली की मोठ्या टाइपाच्या कथासंग्रहापासून सुरू करा, एका वेळी एक कथा.

प्रश्न : यादीची पुस्तकं आणून ठेवली की पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. काय करावं? (मुळशी रस्ता)

उत्तर : कपाट बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा. पुस्तकं घट्ट कोंबू नका, एक सहज निघेल इतकी सैल ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणं सर्वांत वाईट, आतली ओल आतच राहते. ऊन पडेल त्या दिवशी कपाटाची दारं दोन-तीन तास उघडी ठेवा, पण पुस्तकं थेट उन्हात नकोत, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. बुरशी दिसलीच तर ते पुस्तक आधी वेगळं करा, सावलीत पंख्याखाली उभं उघडून पूर्ण वाळवा आणि मग घराबाहेर, नाकातोंडावर रुमाल बांधून मऊ ब्रशने झटका. ओलं असताना पुसलंत तर डाग कागदात मुरतो. वाचनालयाचं पुस्तक असेल तर झटकायच्या आधी त्यांना दाखवा.